कुठली मॅडम आणि माझा गुडघा

माझ्या वहिनीला कॉलेजात 'कुठली मॅडम' म्हणतात. तिला ते माहीत आहे आणि तिची काही हरकत नाही. हरकत घ्यायलाही अंगात ताकद लागते, आणि तिची ताकद दुपारपर्यंत संपलेली असते. ती मेडिकल कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. पुढचं शिकणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला एक प्रबंध लिहावा लागतो. ही मंडळी आधी पेशंट तपासतात, आकडे गोळा करतात, आणि सगळं उरकल्यावर तिच्या दारात येऊन उभी राहतात. "मॅडम, कुठली टेस्ट लावू?" वर्षानुवर्षं हाच प्रश्न. म्हणून कुठली मॅडम.

ही टेस्ट म्हणजे रक्ताची नव्हे हो. औषध घेतलेल्यांना बरं वाटलं, पण एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडला असता का, हे तपासायची गणिती रीत. अशा रीती पुष्कळ आहेत. चुकीची धरली की उत्तर चुकतं, आणि चुकीचं उत्तरही दिसायला अगदी बरोबर उत्तरासारखंच दिसतं. हे मला वहिनीनेच सांगितलं. मी आयुष्यभर वॉर्डात नर्स होते, मला आकडा म्हणजे ताप आणि नाडी एवढंच ठाऊक.

दादा गेल्यापासून आम्ही दोघीच एका घरात राहतो. ती माझ्याहून वयाने लहान, नात्याने मोठी. मी तिला अगं-तुगं करते, आणि ती मला अजून 'वन्सं' म्हणते, अहो-जाहो करते. नणंद-भावजयीचं पटतं म्हटलं की लोक भुवया उंचावतात. पटतं म्हणजे काय, भांडायचा कंटाळा येतो दोघींनाही. घर दादाने घेतलेलं, तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टचं. घेतलं तेव्हा तो म्हणाला होता, वारा छान येतो. येतो की. वारा काय, त्याला गुडघे थोडेच आहेत!

माझे मात्र आहेत, आणि त्यातला उजवा निवृत्तीनंतर वर्षभरातच कामातून गेला. जिन्यात मी कठडा धरून मध्येच बसायला लागले. शेजारच्या मुली बाजूने जाताना 'आजी, हात देऊ का' म्हणायच्या आणि माझा संताप संताप व्हायचा. धाकट्या भावाने फोनवर जाहीर करून टाकलं, "ताई, तू माझ्याकडेच ये. तळमजला आहे, अंगण आहे." त्याचं मन मोठं आहे, नाही म्हणत नाही. पण त्याच्याकडे दिवसभर टीव्ही चालू असतो, आणि त्याची बायको मला पाहुणीसारखी वागवते. पाहुणी म्हणून चार दिवस बरे वाटतात. उरलेलं आयुष्य पाहुणी म्हणून काढायचं म्हणजे शिक्षाच. आणि वहिनी मागे एकटी राहणार. तिला स्वतःचं जेवायचंसुद्धा भान नसतं.

तेवढ्यात वहिनीच्याच हॉस्पिटलात गुडघेदुखीवाल्यांसाठी व्यायामाचा वर्ग निघाला. तळमजल्यावरची एक लांबट खोली, भिंतीला आडवे दांडे, चार गाद्या, एक पेडल मारायची सायकल. शिकवणारी पोरगी सडपातळ, पण हात लोखंडाचे. तिला आम्ही सगळे 'व्यायामवाली' म्हणायचो. ती गुडघा धरून नेमका तिथपर्यंत वाकवायची जिथे आपण 'आई गं' म्हणतो, आणि मग आणखी थोडा. घरी मी करून पाहिलं होतं. घरी 'आई गं' आलं की मी थांबते, आणि गुडघ्यालाही तेच हवं असतं. वर्गात तीन महिने गेल्यावर मी जिना न बसता चढले. वर आले तेव्हा धाप लागली होती, पण वहिनी दारात उभी होती आणि हसली. ती क्वचित हसते. त्या दिवशी मी धाकट्याला फोन करून सांगितलं, माझी वाट बघू नकोस.

पण सुखासुखी चाललेलं कोणाला बघवतं? हॉस्पिटलात नवं एक्स-रे मशीन यायचं होतं आणि त्याला खोली हवी होती. हाडांच्या विभागाचे मोठे डॉक्टर म्हणाले, वर्गाचा उपयोग होतो याचा पुरावा असेल तर वर्ग ठेवू, नाहीतर खोली मशीनला. म्हणायला वाईट काहीच नाही. पुरावा गोळा करायचं काम अगोदरच एका शिकाऊ डॉक्टरकडे होतं, त्याचा तो प्रबंधच होता. पोरगा हुशार, पण कायम घाईत. बोलतानासुद्धा अर्धं वाक्य खिशात ठेवून पुढचं काढायचा. मी त्याला घाईवाला म्हणते. त्याने वर्गाच्या सुरुवातीला आम्हा सगळ्यांकडून एकेक कागद भरून घेतला होता. किती दुखतं ते शून्य ते दहात लिहा. तीन महिन्यांनी पुन्हा तसाच कागद. मी आठ लिहिले होते, नंतर पाच.

एका संध्याकाळी वहिनी घरी आली, पर्स टेबलावर टाकली आणि चपलांसकट खुर्चीत बसली. मी समजले, काहीतरी बिनसलंय.

"तुमच्या वर्गाचे आकडे आले," ती म्हणाली. "फरक दिसत नाही म्हणतोय तो."

"फरक दिसत नाही? डोळे फुटलेत का त्याचे? मी जिना चढते तो काय भास आहे?"

"त्याने टेस्ट चुकीची लावली. दोन वेगवेगळ्या गटांची लावली."

मग तिने मला समजावलं. ती दमलेली असली की फार छान समजावते, शब्द वाया घालवत नाही. म्हणाली, "वन्सं, एखाद्याचं दुखणं मुळात तीन, एखाद्याचं नऊ. तिनाचं दोन झालं, नवाचं सात झालं. ज्याचं त्याचं कमीच झालं. पण आधीचे सगळे आकडे एका पातेल्यात ओतले, नंतरचे दुसऱ्यात, आणि दोन पातेली शेजारी ठेवून बघितली, तर माणसामाणसांतलाच फरक इतका मोठा की त्यात हा एक-दोनाचा फरक बुडून जातो. तीच माणसं आधी आणि नंतर असतील तर ज्याचं नंतरचं त्याच्याच आधीच्यातून वजा करायचं. जोडीची टेस्ट लावायची."

"मग लाव की! एवढं सोपं आहे तर बसलीस काय अशी?"

"जोड्या नाहीत," ती म्हणाली. "कागदांवर नावं नाहीत. नंबर नाहीत. नाव लिहून घेतलं तर पेशंटची गुप्तता जाते, असं कोणीतरी त्याला सांगितलं, तर त्याने काहीच लिहून घेतलं नाही. आधीचा एक गठ्ठा, नंतरचा एक गठ्ठा. कुठला कागद कोणाचा, देवालाच माहीत."

मी कपाळावर हात मारून घेतला. गुप्तता राखावी तर इतकी, की पेशंटचा स्वतःशीसुद्धा संबंध लागू नये! अशी चूक शिकलेल्या माणसालाच जमते.

दोन दिवसांनी घाईवाला आमच्या घरीच आला. जिने चढून आला तरी धाप नाही, वयाची मजा असते. तोंडावर नुसता आनंद. मी दार उघडलं, तर मला नमस्कार करायच्या आधीच आत वहिनीला म्हणाला, "मॅडम, झालं! जोडीची टेस्ट लावली. पी एकदम छोटा आला, पॉइंट झिरो झिरो वन!"

हा पी म्हणजे काय ते एवढ्या वर्षांत मला कळलं होतं. मुळात काही फरकच नसेल, तर निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसायची शक्यता. छोटा आला की डॉक्टर लोकांचा आनंद गगनात मावत नाही. माझाही मावला नाही. मी त्याला बस म्हटलं आणि चहाचं आधण ठेवलं.

वहिनीने त्याचा लॅपटॉप पुढे ओढला. आकड्यांवरून खालपर्यंत नजर फिरवली. मग चष्मा काढून डोळे चोळले.

"या जोड्या कुठून आणल्यास?"

"मॅडम, दोन्ही गठ्ठे चढत्या क्रमाने लावले. सगळ्यात कमीला सगळ्यात कमी, सगळ्यात जास्तला सगळ्यात जास्त. लॉजिकल आहे ना? ज्याचं आधी जास्त दुखत होतं, त्याचंच नंतरही..."

"इथे एकसुद्धा माणूस दुसऱ्याच्या पुढेमागे झालेला नाही," वहिनी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "सगळे रांगेत उभे होते तसेच्या तसे एक पाऊल खाली उतरले. अशी माणसं असतात का रे? एखाद्याचं वाढलं नाही?"

वाढलं होतं. आमच्याच वर्गात एक शिंपी होते, त्यांचं दुखणं वाढलं होतं, बिचारे नंतर काठी घेऊन यायचे. मला हे पक्कं ठाऊक होतं. मी चहात साखर ढवळत राहिले आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. माझा वर्ग वाचत होता ना! जगातल्या सगळ्या शिंप्यांची काळजी मीच का करायची?

घाईवाला हळूच म्हणाला, "मॅडम, तुमची सही झाली की मोठे डॉक्टर मान्य करतील. वर्गही राहील. सगळ्यांचंच भलं आहे." आणि माझ्याकडे बघितलं. पोरगा घाईत असला तरी आंधळा नव्हता.

वहिनीने लॅपटॉप मिटला. "जोड्या लावा हा प्रश्न शाळेत असतो. इथे माणसं आहेत. मी सही करणार नाही."

तो गेल्यावर मी तिला सोडलं नाही. जे तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, तुला काय, तू दोन पायांवर धडधाकट उभी आहेस. म्हटलं, आयुष्यभर लष्कराच्या भाकऱ्या भाजल्यास, दुसऱ्यांचे प्रबंध तपासून तपासून डोळे गेले, कोणी साधं नाव घेत नाही तुझं, आणि घरच्या माणसाची वेळ आली तेव्हा नेमकं तुला सत्य आठवलं! म्हटलं, वर्गाचा उपयोग होतो हे खरंच आहे की नाही? मग खऱ्या गोष्टीसाठी थोडं इकडचं तिकडे केलं तर कुठे बिघडलं?

ती म्हणाली, "उपयोग होतो हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्यापुरतं. मलाही तसंच वाटतं. पण मला वाटतं म्हणून मी टेस्ट निवडली, तर उद्या एखादं औषधही असंच खपेल. आणि ते घेणारी कोणाची नणंद असेल, मला माहीतही नसेल."

"भाषण नको," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली आणि उठून भांडी घासायला लागली. भांडी घासायला बाई येते आमच्याकडे. तरीही घासली तिने.

वहिनीने अहवालात लिहिलं की या आकड्यांवरून उपयोग होतो असंही म्हणता येत नाही आणि होत नाही असंही म्हणता येत नाही. मोठ्या डॉक्टरांनी त्याचा अर्थ काढला, होत नाही. बहुतेक लोक तोच काढतात, वहिनी म्हणते. ती त्यांच्या केबिनबाहेर जाऊन बसली. एक दिवस नाही, बरेच दिवस. ऑपरेशनं संपायची वाट बघत, डबा मांडीवर घेऊन. शेवटी त्यांनी तिला आत घेतलं आणि तिचं म्हणणं ऐकलं. नवा अभ्यास नीट करायचा. प्रत्येकाला नंबर द्यायचा. सोडतीने दोन गट पाडायचे, एकाला वर्ग आत्ता, दुसऱ्याला नंतर. ज्याच्या त्याच्या आधीच्या-नंतरच्यातला फरक काढायचा, आणि मग दोन गटांचे फरक समोरासमोर ठेवायचे. कुठली टेस्ट लावायची ते एकही पेशंट यायच्या आधी लिहून सही करून ठेवायचं, म्हणजे नंतर कोणी दारात येऊन 'कुठली' विचारायला नको. तोवर खोली वर्गाकडेच राहील. एक्स-रे मशीन थांबेल.

हे तिने मला घरी सांगितलं तेव्हा मी तिच्या गळ्यातच पडायची बाकी होते. इतके दिवस धरलेला अबोला मी तिथल्या तिथे सोडला. "अगं, मग आधी का नाही बोललीस! कधीपासून यायचं? सोडतीत नंतरच्या गटात गेले तरी चालेल बाई मला, थांबेन मी, कळ काढेन."

ती माझ्याकडे बघतच नव्हती. ओट्यावरचा एक डाग बोटाने खरवडत होती.

"वन्सं, तुम्हाला नाही घेता येणार."

मला वाटलं, चेष्टा करते आहे. मी हसलेसुद्धा.

"ज्यांनी आधी हा वर्ग केलाय त्यांना घ्यायचं नाही. त्यांना फायदा आधीच झालेला असतो, त्यांचे आकडे त्यात मिसळले की गोंधळ होतो. आणि अभ्यास संपेपर्यंत वर्ग फक्त अभ्यासातल्या लोकांसाठी. जागा तेवढ्याच आहेत."

"हे कोणी ठरवलं?"

"मी," ती म्हणाली. "मीच लिहिलं ते."

खरं सांगते, मला त्या क्षणी ती नकोशी झाली. दादाची बायको, इतक्या वर्षांची सोबत, सगळं बाजूला पडलं आणि समोर फक्त ती बाई दिसली, जिने स्वतःच्या हाताने मला त्या खोलीतून बाहेर काढलं. मी आत जाऊन धाकट्याला फोन लावला. म्हटलं, येते मी. तो म्हणाला, कधीही ये, खोली तयारच आहे.

पुढचे काही आठवडे आमच्या घरात फक्त भांड्यांचा आवाज होता. गुडघ्यानेही बरोबर वेळ साधली. माझा वर्ग बंद झाला तसा तो पुन्हा फुगायला लागला, आणि मी पुन्हा जिन्यात बसायला लागले. कपाटातले कपडे थोडे थोडे करून बॅगेत भरत होते. वहिनी बघायची, आणि बाजूने निघून जायची. ती उशिरा घरी यायला लागली होती. मी विचारलं नाही. म्हटलं, असेल कोणाचा तरी प्रबंध.

एक दिवस ती आली, माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "वन्सं, मी घर बघितलंय. भाड्याचं. हॉस्पिटलच्या मागे, धोबीखान्याला लागून. तळमजला. दोन खोल्या आहेत. अंधार आहे थोडा, आणि दिवसभर कपडे उकळल्याचा वास येतो. पण पायरी एकच आहे, तीही बुटकी."

मी बॅगेवरचा हात काढला नाही. "आणि हे? दादाचं घर?"

"देऊ भाड्याने. वाऱ्याचं काय करायचंय आपल्याला."

"त्या अंधारात तुझे डोळे जातील."

"ते असेही जाणारच आहेत," ती म्हणाली, आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. इतकी दमलेली दिसत होती की मला उठून तिला खुर्ची द्यावीशी वाटली. पण मला उठता येत नव्हतं. मी तिथेच बसून रडले. ती आत आली नाही, गेलीही नाही.

आता आम्ही तिथे राहतो. वास येतो, खरंच येतो, पण माणसाला सगळ्याची सवय होते. माझ्या पलंगाजवळच्या खिडकीतून हॉस्पिटलची मागची वाट दिसते, आणि त्या वाटेने नवीन लोक टॉवेल खांद्यावर टाकून वर्गाला जातात. कोणी लंगडत, कोणी काठी घेऊन. पंधरवडे उलटले की त्यातल्या एखाद्याची काठी नाहीशी होते. मी बघते आणि मला राग येतो. रोज येतो. मग व्यायामवालीने शिकवलेलं आठवून मी एकटीच गुडघा वाकवते, 'आई गं' आलं की थांबते.

परवा वहिनी कामावरून आली तेव्हा मी तिला विचारलंच. "समज, एवढं सगळं करूनही फरक सापडला नाही तर?"

"तर नाही सापडला असं लिहीन."

"आणि मग आपण घरदार सोडून या वासात कशाला आलो?"

ती चपला काढत होती. वाकलेलीच राहिली थोडा वेळ, कंबर धरून.

"तुम्ही जाऊ नये म्हणून आलो, वन्सं," ती म्हणाली. "त्याला कुठलीच टेस्ट लागत नाही. चहा ठेवता का?"

मी उठले आणि चहा ठेवला.